येळवशीपायी संपलेला व्हिसा

सास्तूर ते धाराशिव ह्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं सूनबाईनं विचारलं. खरं आहे तिचं. आमच्याकडची माणसं दवाखान्याला जातात, कोर्टाला जातात, सोयरीक बघायला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी खातात. त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. पण व्हिसा संपलेल्या परदेशी बाईला घेऊन हा रस्ता तुडवलेला माझ्या माहितीत दुसरा कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

मर्सी केनियाची. आमच्या शिवाराजवळ एक निवासी इंग्रजी शाळा आहे, तिथं ती दोन वर्षं शिकवायला होती. राहायची शाळेतच, पण रविवार आला की आमच्या घरी भाकरी थापायला शिकायला यायची. भाकरी फुगायची छान, आकार मात्र दर रविवारी नवा. तिची पाच वर्षांची लेक, नीमा, तिकडं मर्सीच्या आईजवळ. त्यांच्याकडं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नीमाचं ह्या खेपेला पहिलंच. पहिल्या दिवशी लेकीला आपणच शाळेत सोडायचं, म्हणून मर्सीनं दिवाळीत नोकरी सोडली, शाळेची खोली सोडली आणि निघेपर्यंत आमच्या घरी राहायला आली. व्हिसा डिसेंबर संपेपर्यंतचा होता.

इथवर सगळं सरळ होतं. मग मी मध्ये पडले.

दोन्ही साली शाळेनं सुट्टी दिली नाही म्हणून तिची येळवस हुकली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात, झाडून सगळी माणसं रानात जेवायला जातात आणि बांधावरनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. दोन वर्षं राहून ती न बघता जायचं, हे मला पटेना. "येळवस करून जा," मी म्हणाले. "कधी असते?" तिनं विचारलं. "डिसेंबरात," मी छातीठोक सांगितलं.

त्या साली अधिक महिना होता. मी स्वतः जावयाला धोंडे करून घातले होते, वाण दिलं होतं. पण त्याच महिन्यानं येळवस पुढं जानेवारीत ढकलली, हे काही डोक्यात आलं नाही. कळलं तेव्हा मर्सी म्हणाली, "आजी, व्हिसा आधी संपतो." मी म्हणाले, "अगं, एसटीचा पास संपला तरी कंडक्टर चार दिवस सांभाळून घेतो. एवढं मोठं सरकार, ते काय तुझ्याच मागं लागलंय?" दोन वर्षांत ती आमच्यातलीच झाली होती, त्यामुळं तिला ते पटलं. येळवशीनंतरच्या शनिवारचं विमान ठरलं. रविवारी घरी, सोमवारी नीमाची शाळा.

जानेवारी लागल्यावर सोलापूरच्या तिकीटवाल्यानं फोनवर सांगितलं, व्हिसा संपलाय, आता देश सोडायचा परवाना काढावा लागंल, नाहीतर मुंबईच्या विमानतळावरनंच माघारी पाठवतील. सूनबाईनं कॉम्प्युटरवर अर्ज भरला. उत्तर आलं की धाराशिवच्या पोलीस कचेरीत समक्ष या, आणि ज्यांच्या घरी राहता त्यांना बरोबर आणा.

म्हणजे मला.

मंगळवार, तुळजापूरपर्यंत

लोहाऱ्याला एसटीत बसलो आणि पहिला पेच तिथंच पडला. बायकांना तिकीट अर्धं. कंडक्टरनं माझं अर्धं काढलं, मर्सीकडं बघितलं आणि मशीन हातात धरून उभा राहिला.

"मावशी, ह्या बाहेरच्या देशाच्या व्हय?"

"व्हय, केनियाच्या."

"मग अर्धं चालतंय का न्हाय, मला काय सांगता यायचं न्हाय."

मागच्या बाकावरनं एक फेटेवाले बोलले, "आरं, बाई हाय न्हवं? मग झालं की."

पलीकडच्या बाईनं शंका काढली, "आधार कार्ड हाय का पण?"

"आता आधार कार्ड बघून बाई ठरवायची का?" फेटेवाले म्हणाले आणि सगळी गाडी हसली. फाटा येईपर्यंत ह्यावर खल चालला. शेवटी कंडक्टरनं अर्धं तिकीट मर्सीच्या हातावर ठेवलं. "चेकर आला तर म्या सांगतो, बाई हैत म्हणून."

मर्सीनं तिकीट पाकिटात जपून ठेवलं. "आमच्याकडं पाऊस आला की बसवाला भाडं वाढवतो," ती म्हणाली. "इथं बाई आली की कमी करतो." तिच्या देशातल्या पावसाबद्दल आणि आमच्या देशातल्या बायकांबद्दल मी तुळजापूर येईपर्यंत विचार करत होते.

खिडकीबाहेर ज्वारी निसवलेली, हरभरा घाट्यावर, आणि दूर टेकाडांवर पवनचक्क्या. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा ह्याच रस्त्यानं देवीला आले होते. नवी नवरी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, मान खाली. घरी गेल्यावर नणंदेनं विचारलं, तुळजापूर कसं आहे? मला फक्त लोकांच्या चपला सांगता आल्या. एवढी गुणी सून आपण होतो, ह्याचा त्या वेळी मला अभिमानसुद्धा होता. आता मर्सीबरोबर मी प्रत्येक दुकानात डोकावले आणि परत येताना पुन्हा डोकावले.

कवड्यांच्या माळा लटकत होत्या तिथं मर्सी थांबली. "ह्या समुद्रातल्या आहेत," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या पट्ट्याला शिवलेल्या होत्या." देवीच्या कवड्या मी जन्मभर बघितल्या, गळ्यात घातल्या. तुळजापूरला समुद्र कुठला, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "सोलापूरहून येत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरी गाठायची, म्हणून लॉज बघितला. मॅनेजरनं पासपोर्टची पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं.

"आजी, हे संपलंय."

"म्हणून तर निघालोय."

"मला ठेवता यायचं न्हाय. परदेशी माणूस मुक्कामाला आला की लगोलग पोलिसांना कळवाय लागतंय."

"लॉजवाल्यांना?"

"सगळ्यांना. घरी ठिवलं तरी." तो माझ्याकडं निरखून बघायला लागला. "तुमच्याकडं कवापास्नं हैत?"

"दिवाळीपास्नं."

त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला, प्रसाद देतात तसा. लॉजच्या पायऱ्या चढताना मी साक्षीदार होते, उतरताना आरोपी झाले.

आमच्या घराण्याचा पुजारी तुळजापुरात ठरलेला आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्याही आधीपासून आम्ही त्यांचे आणि ते आमचे, आणि मुक्काम पडला तर त्यांच्याच घरी उतरायचं. तिथं गेलो. पुजारीणबाईंना मी दारातच सांगितलं, "बाई, हिला ठेवलं तर पोलिसांना कळवावं लागतं. नंतर म्हणू नका."

"कळवू की. आधी हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. कळवलं का नाही, ते मी विचारलं नाही.

पुजारीबुवांनी मर्सीला रीतीप्रमाणं गाव आणि कूळ विचारलं. तिनंही रीतीप्रमाणं सांगितलं, त्यांच्यातही कूळ विचारल्याशिवाय सोयरीक होत नाही. बुवांनी थोडा वेळ आठवून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे कूळ आमच्याकडं नाही."

"मग पूजा कुणाच्या नावानं करायची?" मी विचारलं.

आतून पुजारीणबाईंचा आवाज आला, "सास्तूरच्या नावानं करा. तिथलंच अन्न खाल्लंय ना दिवाळीपासून."

बुधवार, धाराशिव

कचेरीत विदेशी नागरिकांचं एक टेबल असतं. आमच्या जिल्ह्यात विदेशी नागरिक किती असणार, त्यामुळं त्या टेबलाकडं आणखी तीन कामं होती. टेबलावर हवालदार सुरेखाबाई. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं मोकळं.

"तुम्हीच का सास्तूरच्या आजी? फोटो बघून मला वाटलं, अर्जात आजीचा फोटो चुकून लागलाय."

"चुकून नाही, सूनबाईनं लावला. घरमालक म्हणून."

त्या हसल्या, पण काम काही पुढं सरकेना. जबाब साहेबांसमोर व्हायला हवा. साहेब बंदोबस्तावर गेलेले. उद्या येळवस, जिल्ह्याला सुट्टी. परवा शुक्रवारी या.

मर्सीनं हळूच विचारलं, "शुक्रवारी मिळेल? शनिवारी विमान आहे."

"जबाब झाला की अर्ज वर जातो. वरून कधी येईल ते माझ्या हातात नाही," सुरेखाबाई म्हणाल्या. मर्सीनं मान हलवली आणि ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली. शनिवार हुकला तर सोमवार हुकला, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

बाहेर निघताना सुरेखाबाईंनी विचारलं, "परवापर्यंत कुठं राहणार?"

"तेच तुम्ही सांगा," मी म्हणाले. "जो ठेवील त्याला पोलिसांना कळवावं लागंल. कुणाला अडचणीत आणू?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझ्याच घरी चला. मला कुणाला कळवायला नको. उद्या आमच्या येडशीच्या रानात येळवस आहे, घरात बसून काय करणार तुम्ही?"

अशा रीतीनं आम्ही पोलिसांच्या ताब्यात गेलो.

येळवस, येडशीचं रान

सकाळी निघालो तर धाराशिवचे रस्ते मोकळे, दुकानं बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. जिकडंतिकडं डोक्यावर पाट्या, दुचाकीवर चार-चार माणसं, ट्रॅक्टरात अख्खी गल्ली. मर्सीला वाटलं, कुठं काही संकट आलंय आणि माणसं गाव सोडून चाललीत. "संकट नाही," सुरेखाबाई म्हणाल्या, "भज्जी."

भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, सगळं डाळीच्या पिठात आणि ताकात शिजवतात. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि माठात आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली. रामलिंगाच्या डोंगराकडं तोंड करून त्यांचं रान. ज्वारीत कडब्याची छोटी कोप उभी केलेली, वर शाल पांघरलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. ते पांडव.

"हे पाच भाऊ?" मर्सीनं विचारलं. "यांचं घर एवढंसं का?"

सुरेखाबाईंच्या सासूबाई कोपीपुढं ताटं मांडत होत्या. त्या म्हणाल्या, "वनवासात हैत त्ये. वनवासात काय बंगला बांधत्यात व्हय?"

पूजा झाली. पुरुषांनी आरोळ्या देत उभ्या पिकात आंबील शिंपडली. मी त्या वेळी सास्तूरला आमच्या रानात असायला हवी होते. ज्या येळवशीसाठी हिचा व्हिसा बुडवला, ती मीच परक्याच्या बांधावर बसून जेवत होते. फोनवर सूनबाई म्हणाली, "अत्या, बरं झालं तुम्ही न्हाय ते. औंदा भज्जीत मीठ बराबर पडलंय."

मर्सीनं आंबिलीचा गडू तोंडाला लावला आणि मध्येच थांबली. आवडली नसेल असं मला वाटलं. तिनं पुन्हा एक घोट घेतला, मग सबंध गडू संपवला. "हे आमच्या घरचं आहे," ती म्हणाली. त्यांच्याकडंही म्हणे ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवतात आणि सकाळी त्याची आंबट पेज करतात. उजी म्हणतात तिला. शाळेत जाणाऱ्या पोरांना तीच देतात.

सासूबाईंनी लगेच चौकशी सुरू केली. "ताक घालता?"

"नाही. कधी लिंबू."

"ताकाबिगर कशी चांगली लागंल?" सासूबाईंना त्या देशाची काळजीच वाटली. त्यांनी गडू पुन्हा भरला. "पी बाई. तिकडं ताक न्हाय म्हणं."

जेवणं झाल्यावर मर्सी बांधावर बसून आईशी बोलली. मी कॅमेऱ्यात डोकावले. तिची आई माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल. आम्हा दोघींची भाषा वेगळी, त्यामुळं आम्ही फार छान बोलतो. तिनं काहीतरी विचारलं. मर्सी म्हणाली, "आई विचारते, गणवेश इस्त्री करून ठेवू का, का मी येऊन करणार?"

"काय सांगितलंस?"

"करून ठेव म्हणाले."

शुक्रवार, पुन्हा धाराशिव

कचेरीत गेलो तर सुरेखाबाईंचा चष्मा डोळ्यांवर होता आणि चेहरा कोरा.

"नाव?"

"अहो, काल तुमच्याच ताटाला ताट लावून..."

"आजी, नाव सांगा. पूर्ण नाव."

मला ते आवडलं. काल त्यांनी पोटभर वाढलं आणि आज त्या आम्हाला ओळखतही नाहीत. मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, खणखणीत. तरुणपणी रेशनच्या कचेरीत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं होतं, तर मी तोंडाला पदर लावून उभी. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? तो बिचारा अंदाज करत बसला, दत्तू का, किसन का, आणि मी मानेनं नाही नाही म्हणत राहिले. मागं रांग खोळंबलेली. शेवटी त्यानं कंटाळून जे लिहिलं त्याला मी मान डोलावली. वर्षभर आमच्या घरात भलत्याच माणसाच्या नावानं साखर येत होती.

साहेब आले. विदर्भाकडचे, नुकतेच बदलून आलेले, चेहरा वैतागलेला. त्यांनी आधी मलाच धरलं.

"परदेशी महिला घरी ठेवली, पोलिसांना का नाही कळवलं?"

"साहेब, पाहुणा आला की आम्ही शेजारणीला कळवतो. पोलिसांना चोर आला की कळवतो."

सुरेखाबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. साहेबांनी समज देऊन माझी सही घेतली. मग ते मर्सीकडं वळले, इंग्रजीत. भूकंपानंतर आमच्या गावात परदेशी डॉक्टर आले होते. मी दहावी झालेली, इंग्रजी येतं म्हणून पुढं गेले आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला ऐटीत 'यस' म्हणाले. त्यांनी मला बाळंतिणीचं सामान दिलं. तेव्हापासून इंग्रजी चाललेलं असलं की मी फक्त चेहरे बघते.

साहेबांनी काहीतरी विचारलं. मर्सीनं उत्तर दिलं, त्यात 'येळवस' शब्द आला. साहेबांचं पेन थांबलं.

"कशासाठी थांबल्या म्हणतात?" त्यांनी मराठीत सुरेखाबाईंना विचारलं.

"येळवशीसाठी, सर."

"म्हणजे काल गावात जे होतं ते?" साहेब खुर्चीत मागं टेकले. "काल मला अख्ख्या धाराशिवमध्ये चहा मिळाला नाही. बिस्किटं खाऊन दिवस काढला मी. हे बघायला ह्या बाईनं व्हिसा संपवला?"

"तुम्हाला कुणी रानात बोलावलं नाही?" मला राहवलं नाही.

"बोलावलं होतं चार जणांनी. मला वाटलं, उगीच कशाला कुणाकडं जायचं."

सगळ्यांना त्यांची कीव आली असावी. साहेबांनी घसा साफ केला आणि कारणाच्या जागी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते मला कळलं नाही. सही करताना मर्सीनं विचारलं, "सर, मी पुन्हा येऊ शकते?"

"यायचं असेल तर आधी तुमच्या तिथल्या भारतीय वकिलातीत विचारा," साहेब म्हणाले. "ह्या आजींना विचारू नका."

दंड भरला, अर्ज वर गेला. आता वाट बघायची. स्टँडवर बसलो. मुंबईची गाडी लागली, भरली, निघून गेली. मर्सी फोन उघडायची, बंद करायची. मी कुंथलगिरीचे पेढे आणले, ते तिनं हातातच धरले. दुसरी गाडी लागली. मी मनात म्हणत होते, तिला डिसेंबरातच पाठवली असती तर एव्हाना लेकीच्या गणवेशाला इस्त्री करत बसली असती. बोलले नाही. बोलून तिला माझी समजूत घालायला लावायची, हे बरं दिसलं नसतं.

कंडक्टरनं दार लावायला घेतलं तेव्हा फोनवर परवाना आला. मर्सी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडं पळाली. मी गाडीच्या पायरीवर बसले.

"आजी, उठा, गाडी सोडायचीय."

"पाय धरलाय माझा," मी म्हणाले. "जरा चोळू दे."

सगळी गाडी माझ्या पायाला उपाय सांगायला लागली, तेवढ्यात मर्सी कागद घेऊन आली. मी उठले, धड चालत बाजूला झाले, आणि कंडक्टर माझ्याकडं बघतच राहिला. तिनं मला मिठी मारली. पेढे माझ्याच हातात राहिले.

सोमवार, सास्तूर

अंगणात तुरी वाळत घालत होते, तेव्हा फोनवर व्हिडिओ आला. मर्सीच्या भावानं काढलेला. तांबड्या मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका. नीमा निळ्या स्वेटरमध्ये, आजीचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून चाललेली. मर्सी दुसऱ्या बाजूला. तिनं हात पुढं केला तर पोर आजीच्या पलीकडं गेली. दोन वर्षांनी आलेली आई, फोनमधली. मर्सी हात मागं घेऊन दप्तर खांद्यावर अडकवून मागनं चालायला लागली.

सूनबाई माझ्या खांद्यावरनं बघत होती. "आगं बाई," एवढंच म्हणाली.

शाळेच्या फाटकाशी मर्सीची आई थांबली. वाकून तिनं नीमाच्या सँडलचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. त्या पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. उठताना तिनं गुडघ्यावर हात दाबला, तोंड वाकडं केलं आणि फाटकाजवळच्या दगडावर बसली. तो गुडघाही काही दुखत नव्हता, हे मला सास्तूरवरनं दिसत होतं. तिनं मानेनंच आत जायची खूण केली.

नीमा आजीकडं बघत उभी राहिली. मग फाटकाकडं बघितलं. मर्सी तिच्याशेजारी, हात पुढं न करता. पोरगी थोडी सरकली आणि दप्तराचा लोंबणारा पट्टा तिनं मुठीत धरला. दप्तर मर्सीच्या खांद्यावर होतं. तशाच दोघी आत गेल्या.